निळ्या शिंगांचा बैल

चंद्रपूर,
३ जून २०२४

प्रिय लटारूभाऊ,
सप्रेम जयभीम.

तुम्हाला आठवतं का, वडशाच्या स्टेशनावर धान उतरवून आलं की बाबा गाडी धुवायला गाढवी नदीत उतरवायचे? आपण दोघं वाळूत उकिडवे बसून चाकांच्या खाचांतला चिखल काडीने उकरायचो. तुम्ही एकदा म्हणालात, “इंदे, तुह्या चाकात मासोळी निंगाली,” आणि मी खरंच ओंजळ धरून बसले. त्या दुपारी काहीच विशेष घडलं नाही. बाबांनी दुपट्टा पिळला, आपण मुरमुरे खाल्ले, घरी आलो. तरी हल्ली डोळे मिटले की तीच दुपार येते, पाण्याच्या आवाजासकट.

पत्र पाहून नवल वाटेल. पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि टेलिफोन एक्सचेंजमध्ये जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यावर मलाही आता कागदच बरा वाटतो.

एक सांगायचं आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासलं. माझं विसरणं वयाचं साधं विसरणं नाही, ते हळूहळू वाढत जाणार. मी रडत बसलेली नाही. शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, पेपर देण्याआधी एकदा वाचून बघा. माझ्या मागे कोणाला काय द्यायचं, ते मला माझ्या हाताने, माझ्या डोक्याने लिहून ठेवायचं आहे. पण ज्या डोक्याचा स्वतःलाच भरवसा नाही, त्याने लिहिलेलं कोण मानेल? रिना मानेल की नाही ते नंतर. आधी मी मानायला हवं ना?

आणि नेमका त्यातच तो फोटो आला. रिनाने मोबाइलवर दाखवला. आरमोरीला देवाजींच्या धानगिरणीमागे मोहाच्या झाडाखाली एक जुनी पिकअप उभी आहे, अर्धी वेलींनी झाकलेली. नागपूरचा विक्की नावाचा एक तरुण जुन्या गाड्या गोळा करतो, त्याने तो फोटो टाकला होता. या गाडीवर कंपनीचे मूळचे बिल्ले आणि पट्ट्या कोणत्या होत्या, कोणी सांगू शकेल का, असं त्याने विचारलं होतं. मी फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ही आमची गाडी.

“कशावरून?” रिनाने विचारलं.

मी सांगितलं. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना फार्गो हे नाव, सुट्या सुट्या पाच इंग्रजी अक्षरांत, निकेलचं. दारावर एक चकचकीत पट्टी, बाबांच्या बाजूची टोकाशी वाकलेली. आणि नाकावर चंदेरी बैल, निळ्या शिंगांचा.

रिना आधी हसली, मग तिने माझा हात धरला. ते हात धरणं मला आवडलं नाही. “आई, गाडीच्या नाकावर निळ्या शिंगांचा बैल? स्वप्नात पाहिला असशील.” तिने विक्कीलाही विचारलं. तो म्हणाला, फार्गोच्या नाकावर पृथ्वीचा गोल असायचा, बैल कधीच नव्हता.

फोटोत नाक दिसत नाही. भाऊ, तुम्ही जाऊन बघाल? बैल असेल तर माझं डोकं अजून माझं आहे. नसेल तर तसं लिहा. पावसाळा सरताना विक्की गाडी घेऊन जाणार आहे.

तुमची,
इंदू

•

आरमोरी,
१४ जून २०२४

इंदुबाई,
जयभीम.

तुहं पत्र भेटलं. सूनबाई चंचल म्हने, मी वाचून दाखवू का. मी म्हटलं, काऊन? कान गेले, डोळे शाबूत आहेत.

डॉक्टर लोकाइचं मनावर नोको घेऊ. मी बी चष्मा कुठी ठेवला इसरतो, आन् तो कपाळावर असते.

गिरनीवर जाऊन आलो. तू म्हनतेस तशीच आहे गाडी. पाची अक्षरं चकचक करून राह्यली. पट्टी वाकलेली आहे. नाकावर बैल आहे, चारी पायावर उभा, शिंगं निळी. वामनमामाची, तुह्या बाबाचीच गाडी, दुसऱ्या कोनाची नाई. आता निवांत झोप.

इथी अजून पानी नाई. धानाचे पऱ्हे पेरून वर पाहून राह्यलो. चंचलनं आंब्याचं लोनचं घातलं, तुले पाठवते. रिनाले आशीर्वाद सांग.

तुहा भाऊ,
लटारू

•

चंद्रपूर,
२७ जून २०२४

प्रिय लटारूभाऊ,
जयभीम.

लोणचं पोचलं. उत्तम झालं आहे, चंचलला सांगा. पत्र मात्र परत पाठवावंसं वाटलं.

आधी मी ते उशाखाली ठेवलं होतं. रोज सकाळी उठून वाचायची आणि मग चहा ठेवायची. पण एक गोष्ट टोचत होती. चारी पायांवर उभा, असं तुम्ही लिहिलं. मला आठवतो त्या बैलाला पायच नाहीत. नुसतं डोकं, पुढे झेपावलेलं, आणि शिंगं.

काल विक्कीने समोरून काढलेले फोटो पाठवले. रिनाने बोटांनी मोठे करून दाखवले. बॉनेटवर एकही अक्षर नाही, नुसती भोकं आहेत. दारावर पट्टी नाही. आणि नाकावर मेंढा आहे, भाऊ. गोल वळलेल्या शिंगांचा, गंजलेला मेंढा. निळं काही नाही. तुम्ही गेलाच नाहीत.

रिनाचा चंचलला फोन आला असणार, एवढं मला अजून कळतं. “आईला दुखवू नका,” असंच काही म्हणाली असेल. तिचा राग नाही येत. ती माझी लेक आहे, घाबरली आहे. पण मला ‘हो’ म्हणणारी माणसं आता घरात पुष्कळ आहेत. डॉक्टरांकडची नर्ससुद्धा वार विचारते आणि मी चुकीचा सांगितला तरी गोड हसते. ‘नाही’ म्हणणारं एक तरी माणूस हवं म्हणून मी तुम्हाला लिहिलं. लहानपणी तुम्ही किती पटकन ‘नाई’ म्हणायचात!

मेंढा आहे म्हटल्यावर मी बाल्कनीत बसून होते. समोरच्या शिरीषावर पोपट उतरत होते, आणि मला वाटत होतं, हे तरी खरे आहेत का. बैल नव्हता, तर मग आई दळताना गुणगुणायची ते होतं का? पहाटे गाडी सुरू व्हायची तेव्हा फळीवरचे पितळी डबे थरथरायचे, ते? सगळं एकाच कापडाचं आहे, भाऊ. एक धागा ओढला की कुठवर उसवेल, कळत नाही. यादी करायला बसले होते, ती तशीच कोरी ठेवली आहे.

यापुढे लिहाल तर जे दिसेल ते लिहा. नाहीतर नुसतं लोणचं पाठवा.

इंदू

•

आरमोरी,
४ ऑगस्ट २०२४

इंदुबाई,
जयभीम.

तुहं पत्र वाचून लाज वाटली. रिनाचा फोन आलता हे खरं, आन् मी घरी बसून लिवलं हेबी खरं. बैलाले पाय मीच लावले. मंग पूर आला, रस्ता बंद झाला, मंग धानाची रोवनी. पन खरं सांगतो, पायच उचलत नव्हता. काल गेलो. आता जे पाह्यलं तेच लिवतो, गोड लागो का कडू.

सोबत चंचलले नेलं, कोनी बोललं का ते माह्या कानात सांगाले. घासलेट नेलं, फडकं नेलं, एक खिळा नेला. विक्कीबी तिथीच होता. चांगला पोरगा आहे, गाडीखाली लोळून लोळून त्याचा सदरा मातीचा झालता. देवाजी खाटेवर, आन् त्याची माय मनकर्नाबाई ओट्यावर तांदूळ पाखडून राह्यली होती.

देवाजी म्हने, “लटारूभाऊ, या खटाऱ्याले आता काय तेलपानी करून राह्यले? नवरदेव बनवता का?”

मी म्हटलं, “तू गप बस. बहिनीचं काम आहे.”

पयले अक्षरं. भोकं मोजून काई कळत नाई, असं विक्कीनं मले कागदावर लिहून सांगतलं. ही गाडी एकाच कंपनीतून दोन नावानं निंगत होती, फार्गो आन् डॉज. अंग तेच, बिल्ले येगळे. आन् दोनीची अक्षरं पाचच. पन अक्षराखालचा रंग उन्हात भाजत नाई, तो तसाच गडद राह्यते. मंग आमी दोघाइनं घासलेट लावून हळूहळू पुसलं. माती गेली, आन् सावली वर आली. पयल्या अक्षराले पोट नाई, सरळ काठी आन् दोन हात. विक्की नाचलाच. डॉजच्या पयल्या अक्षराले पोट असते म्हने. म्हनजे फार्गो. तुही गोष्ट खरी.

दुसरं, पट्टी. तिचीबी सावली निंगाली. दोनी दाराइवर सरळ रेघ, वाकलेली कुठीच नाई. तिथी तू चुकली. लिवाले जीवावर आलं, पन लिवलं.

तिसरं, नाक. मेंढाच आहे. विक्की म्हने हा डॉजचा मेंढा, फार्गोवर कसा आला? बॉनेटचा पत्राबी येगळा निंगाला, आतून त्याचा रंग दुसराच. “काका, ये तो खिचडी है,” म्हने. त्याचं तोंड उतरलं, आन् माह्या डोक्यात उजेड पडला. आलापल्लीच्या डेपोत सागाचं लाकूड घरंगळून वामनमामाच्या गाडीचं नाक चेपलं होतं. मामानं लिलावातून दुसरं नाक, बॉनेटसकट, आनून बसवलं आन् आपलीच फार्गोची अक्षरं त्यावर लावली. मी तवा धा-बारा वर्साचा असन. म्हनजे इंदे, आपल्या गाडीवर मेंढाच होता, तू आता राह्यतेस त्या चांद्याले शाळेसाठी जाच्या कितीतरी आधीपासून. मंग मले आठवलं, मामा इंजनात पानी टाकाले सांगे तवा काय म्हने? “लटारू, बैलाले पानी पाज.” घरात समदे त्याले बैलच म्हनत. तुही माय बी.

पन शिंगं? मी खिळा घेतला आन् शिंगाच्या वळनात, जिथी पाऊस पोचत नाई तिथी खरवडलं. गंज निंगाला. त्याच्या खाली निळा. नुसता डाग नाई, थरावर थर, भिंतीवर मातीचं पोतेरं बसते तसा. मी विक्कीले दाखवलं, त्याले समजेना.

देवाजी हासला, “मेंढ्याची शिंगं निळी! कोन्या येड्याचं काम आहे?”

तवा मनकर्नाबाईनं सूप खाली ठेवलं. तिले कोनी काई इचारलं नव्हतं, आन् तुहं नावबी तिच्यापुढं काढलं नव्हतं. ती उठून जवळ आली, शिंगावर बोट फिरवलं, आन् माह्या कानाशी येऊन वरडली, “मेंढा कोन म्हनते? हा तं वामनभाऊचा बैल!”

मंग तिनं सांगतलं ते मी तिच्याच तोंडचं लिवतो, चंचलनं मांगून समजावून सांगतलं तसं.

“मी नवी नवरी होती. पोळ्याले समद्याइचे बैल तोरनाखाली उभे. पयली जोडी आमची, पाटलाची. वामनभाऊकडे ना वावर ना बैल. त्यानं रांगेच्या शेवटी गाडी आनून लावली. नाकाले झूल, वर मठाटीचा साज, बेगड, अन् शिंगं निळी केलेली. समद्याइच्या बैलाची शिंगं लाल, याची निळी. विहाराच्या पाटीचा उरलेला रंग होता म्हने. माहा सासरा वरडला, ‘काऊन रे वामन्या, पोळ्यात मेंढं आनलं का?’ लोक हासले. वामनभाऊ म्हने, ‘पाटील, तुमचं धान वडशाले कोन नेते? हाच बैल नेते.’ ओवाळाचं ताट माह्या हाती होतं. मी एकेक जोडी करत शेवटी गेली, कुंकवात बोट घातलं. वामनभाऊ हळूच म्हने, ‘कुंकू नोको बाई, आमी ते सोडलं. चाकावर पानी टाका.’ मी टाकलं. घरी आल्यावर सासूनं लय बोललं. पन मी पुढच्या साली बी टाकलं.”

दरसाली नवा हात देत होता मामा, म्हनून ते थर.

विक्कीले अस्सल फार्गो पाह्यजे. तो मेंढा काढून पृथ्वीचा गोल बसवनार आहे. मी म्हटलं, मंग हे आमाले देशीन का? त्यानं तिथंच पाना लावून काढून देल्लं. माह्या उशाशी ठेवलं आहे. चंचल म्हने, बाबा, येवढं जड कोनी उशाशी घेते का.

तुह्या डोक्यात बैल होता, इंदे. आमच्या डोक्यातून गेलता.

तुहा भाऊ,
लटारू

•

चंद्रपूर,
१९ ऑगस्ट २०२४

प्रिय लटारूभाऊ,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मी रिनाला मोठ्याने वाचायला लावलं. ‘चाकावर पानी टाका’ इथे ती थांबली. मग पुढचं मी वाचलं. वाचून झाल्यावर तिने माझा हात धरला नाही. स्वयंपाकघरात गेली, दोन कप चहा केला आणि म्हणाली, “सांग, आणखी काय काय होतं?” कितीतरी महिन्यांनी तिने मला काही विचारलं. एरवी ती मला सांगतच असते.

पट्टीचं मी चुकले. पण त्या एका चुकीमुळेच तुमचं बाकीचं पत्र मला खरं वाटलं. सगळंच बरोबर निघालं असतं तर मी पुन्हा संशय घेतला असता. आता मला माहीत आहे, की माझ्याजवळ थोडं वाकलेलं आहे आणि पुष्कळसं खरं आहे. एवढ्यावर काम चालेल. कोरी यादी काढून आज लिहायला बसले आहे. सकाळची वेळ चांगली असते माझी. रिना शेजारी बसून सही करणार आहे, आणि दुसरी प्रत तुमच्याकडे राहावी म्हणून हे पत्रच ती प्रत समजा.

आईचे चांदीचे गोट रिनाला. ती म्हणेल, मला नको, तू घाल. तेव्हा तिच्या हातात चढवून टाका, साबण लावून.

शाळेत मिळालेली बक्षिसाची पुस्तकं ब्रह्मपुरीच्या मुलींच्या वसतिगृहाला. पहिल्या पानांवर सिस्टरांच्या हातचं माझं नाव आहे, ती पानं फाडू नयेत. कोणा मुलीला वाटेल, ही इंदुमती वामनराव कोण असेल. वाटू दे.

बैल, म्हणजे तुमच्या उशाशी आहे तो, चंचलच्या धाकटीला. मला नको. तान्ह्या पोळ्याला सगळी मुलं लाकडी बैल ओढत नेतात, त्यांत तिचा हा असू दे. सुताराकडून खाली मजबूत पाट आणि चार चाकं लावून घ्या, जड आहे. रंग कोणता द्यायचा ते तिला ठरवू द्या. तिला गुलाबी हवा असेल तर गुलाबी.

आपली गाडी रांगेच्या शेवटी का उभी असायची, ते माझ्या नातीला, संघप्रियाला. ती नागपूरला वकिली शिकते आहे. दिवाळीत ती येईल तेव्हा तिला आरमोरीला घेऊन जा आणि मनकर्णाबाईंच्या समोर बसवा. मी सांगितलं तर ते फार गोड होऊन जाईल. मनकर्णाबाईंना माझ्याकडून एक लुगडं, हिरवं, मोठ्या काठांचं. कपाटात वरच्या खणात वेगळं बांधून ठेवलं आहे.

विक्कीला गाडी, म्हणजे ती देवाजींची आहे, ते देणार आणि तो घेणार, पण माझ्याकडूनही. त्याला म्हणावं, खुशाल गोल बसव. गाडी चालली पाहिजे. उभ्या गाडीला सगळेच मूळचे बिल्ले असून काय उपयोग? अक्षरं मिळाली नाहीत तर ती सावली तशीच ठेव, वर रंग मारू नकोस, एवढं माझं मागणं. तो मला फोनवर ‘जी आंटी’ म्हणाला.

टेलिफोन एक्सचेंजचा माझा जुना हेडफोन तुम्हाला द्यावा असं मनात आलं होतं. तो चालत नाही, तुमचे कानही चालत नाहीत, जोडी जमली असती. पण ती थट्टा झाली. तुमच्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत.

एक परवानगी आहे. पुढे कधीतरी मी विचारीन, आई कुठे आहे, बाबा अजून आले का नाहीत. तेव्हा माझ्याशी खरं बोलायची काही गरज नाही. त्या दिवशी ‘हो’ म्हणा, ‘येतीलच’ म्हणा, काय सुचेल ते म्हणा. ही मुभा मी फक्त तुम्हाला देते आहे, रिनाला नाही. कारण ‘नाही’ कसं म्हणायचं ते तुम्ही मला एकदा दाखवलं आहे.

आणि दुसरी, बाबांच्या शेजारची खिडकीची जागा. ती नेहमी माझी असायची. गाव सोडून कुठेही निघालो की तुम्ही मागे हौदात, पोत्यांवर, उन्हापावसात. कोणी ठरवलं नव्हतं, तसंच चालत आलं. विक्कीशी माझं बोलणं झालं आहे. गाडी सुरू झाली की पहिल्या फेरीत ती जागा लटारूभाऊंची, मग बाकी कोणाला बसायचं ते बसोत. काच खाली करून बसा.

तुमची,
इंदू